'कॅरेन': एका साध्या नावाची शिवी कशी झाली

१९६५ साली अमेरिकेत जन्मलेल्या मुलींमध्ये सर्वात लोकप्रिय नाव होतं लिसा, दुसरं मेरी आणि तिसरं कॅरेन. त्या एका वर्षात तिथे ३२ हजारांहून जास्त मुलींचं नाव कॅरेन ठेवलं गेलं. २०२० साली हा आकडा होता ३२५. नावं जुनी होतात, मागे पडतात, यात नवल काही नाही. आपल्याकडेही आता कोणी मुलीचं नाव कुमुदिनी ठेवत नाही. पण कुमुदिनी म्हटल्यावर कोणाला राग येत नाही. कॅरेन म्हटल्यावर येतो, कारण मधल्या काळात त्या नावाची शिवी झाली.

ज्यांच्या मोबाइलवर हा शब्द अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्रजी बोलणाऱ्या जगात 'ती कॅरेन आहे' म्हणजे ती चाळिशी-पन्नाशीची, गोऱ्या वंशाची, खाऊनपिऊन सुखी आणि सगळं जग आपल्या सोयीसाठी चालावं असं मानणारी बाई आहे. कॉफी जरा कोमट निघाली तर ती काउंटरवरच्या पोराला म्हणते, ''तुझ्या मॅनेजरला बोलव.'' जवळच्या बागेत काळी कुटुंबं जेवायला बसलेली दिसली तर ती पोलिसांना फोन लावते. तिचे केससुद्धा ठरलेले आहेत: मागे आखूड, पुढे लांब, मधूनमधून सोनेरी पट्टे. मीम आणि रील्समधून हा शब्द मराठी पोरापोरींच्या तोंडीही आला आहे. येताना त्याचा अर्धा अर्थ वाटेत गळून पडला, म्हणून तो जिथून आला तिथूनच बघायला हवा.

कॅरेनच का?

नाव हा जन्मतारखेचा शिक्का असतो. मालती, शालिनी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजी येते. सुनीता, संगीता, वंदना म्हटलं की पन्नाशी-साठीतली बाई. पूजा, स्नेहा, प्रियंका म्हटलं की तिशीतली. मायरा, अन्वी या अजून शाळेच्या व्हॅनमध्ये बसतात. अपवाद असतातच, पण अंदाज सहसा चुकत नाही. आणि नावावरून जातीचा, गावाचा अंदाज बांधायची आपली सवय तर विचारूच नका.

अमेरिकेतही तसंच आहे. कॅरेन हे मुळात डॅनिश नाव, कॅथरीनचं आटोपशीर रूप. १९५० आणि ६०च्या दशकांत ते अमेरिकेत जोरात चाललं, आणि चाललं ते मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय घरांत. म्हणजे २०२० साली जी कोणी कॅरेन असेल ती बहुधा पंचावन्नच्या आसपासची, गोरी, आणि अर्थातच बाई. एका नावात वय, वंश आणि लिंग तिन्ही भरलेलं. शिवी म्हणून वापरायला असं नाव फार सोयीचं, कारण वेगळं काही बोलावंच लागत नाही.

या तीन गोष्टींत एक गोष्ट मात्र नाही, आणि पुढचा सगळा घोळ तिच्याच अभावी झाला. ती बाई नेमकं काय करते, हे त्या नावात कुठेच नाही.

आधीची बाई: मिस अ‍ॅन

कॅरेनच्या कितीतरी आधी काळ्या अमेरिकनांकडे यासाठी दुसरं नाव होतं. गोऱ्या मालकिणीला, तिच्या माघारी, 'मिस अ‍ॅन' म्हणत. तिचा नवरा 'मिस्टर चार्ली'. झोरा नील हर्स्टन या लेखिकेने १९४२ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या बोलीचा छोटा कोश दिला, त्यात ही दोन्ही नावं सापडतात. गुलामी कायद्याने संपून तोवर पाऊणशे वर्षं झाली होती, पण गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक आणि मुलं सांभाळायला जाणाऱ्या काळ्या बायका होत्याच. त्या आपसांत बोलताना मालकिणीला मिस अ‍ॅन म्हणत. या नावात टिंगल होती आणि सावधगिरीचा इशाराही होता. समोर बोलता येत नाही त्याच्याबद्दल मागे बोलण्यासाठी लोक असे शब्द घडवतात.

सावधगिरी कशासाठी, हे कळायला एकच प्रसंग पुरे. ऑगस्ट १९५५. शिकागोचा एमेट टिल हा १४ वर्षांचा काळा मुलगा मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे सुटीला आला होता. किराणा दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, असा आरोप झाला. काही दिवसांनी त्या बाईचा नवरा आणि त्याचा सावत्र भाऊ यांनी त्या मुलाला रात्री घरातून उचलून नेलं, हालहाल करून मारलं आणि प्रेत नदीत टाकलं. सगळे गोरे आणि सगळे पुरुष असलेल्या ज्यूरीने दोघांना निर्दोष सोडलं. पुढच्या वर्षी एका मासिकाकडून पैसे घेऊन दोघांनी खून केल्याचं सांगितलं. एकदा निर्दोष सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नव्हता.

गोऱ्या बाईच्या एका वाक्यात तिथे एवढी ताकद होती. ती स्वतः बंदूक उचलत नसे. तिने घाबरल्याचं सांगितलं की बंदुका आपोआप उचलल्या जात. कॅरेन या शब्दाची काळ्या अमेरिकनांच्या तोंडची धार इथून आली आहे. केस कसे कापले याच्याशी तिचा काही संबंध नाही.

काउंटरच्या अलीकडची आणि पलीकडची

शब्दाला दुसराही एक झरा येऊन मिळाला, आणि तो बराच हलका आहे. अमेरिकेतल्या दुकानांत आणि रेस्टॉरंटांत 'गिऱ्हाइकाचं नेहमी बरोबर' हा मंत्र शंभरएक वर्षं जपला गेला. त्याचा ताप होतो तो काउंटरमागे तासाच्या मजुरीवर उभ्या असलेल्या पोरांना. गिऱ्हाईक ओरडलं तरी त्यांनी हसायचं, आणि मॅनेजरला बोलावलं की नोकरी धोक्यात. अशा पोरांनी इंटरनेटवर आपला राग काढला आणि त्या रागाला चेहरा दिला, तो 'मॅनेजरला बोलव' म्हणणाऱ्या बाईचा. मग २०१७ साली रेडिट या संकेतस्थळावर कॅरेनच्या नावाने शिव्या देणारा एक गट निघाला. त्याची प्रेरणा होती एका घटस्फोटित पुरुषाने आपल्या आधीच्या बायकोबद्दल सतत काढलेले उद्गार. गट काढणारा शाळकरी पोरगा होता, त्याला ते गमतीशीर वाटलं.

म्हणजे एका झऱ्यात होता वंशाचा जुना इतिहास, दुसऱ्यात नोकरदार पोरांचा वैताग आणि घटस्फोटाची कडवट थट्टा. २०२० येईपर्यंत दोन्ही एकत्र वाहू लागले होते, आणि शब्द वापरणाऱ्याला आपण कोणत्या झऱ्याचं पाणी पितोय हे माहीत असेलच असं नव्हतं.

मधल्या काळात, २०१८ साली, नावांची एक रांगच लागली. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये तळ्याकाठी काळ्या माणसांनी कोळशाची शेगडी पेटवली म्हणून एका गोऱ्या बाईने पोलीस बोलावले. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'बार्बेक्यू बेकी'. सॅन फ्रान्सिस्कोत आठ वर्षांची काळी मुलगी फुटपाथवर पाण्याच्या बाटल्या विकत होती, तिच्याबद्दल परवाना नसल्याची तक्रार करणारी झाली 'परमिट पॅटी'. या नावांत निदान ती बाई काय करत होती ते होतं: शेगडी, परवाना. यमकासारखी गंमतही होती. मग ही सगळी फुटकळ नावं एका कॅरेनने गिळली, आणि त्याबरोबर शेगडी आणि परवानाही गेला.

२५ मे २०२०

ही तारीख दोन कारणांनी लक्षात राहते. सकाळी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, पक्षी बघणाऱ्यांना प्रिय असलेल्या झाडीत, एका काळ्या पक्षीनिरीक्षकाने एका गोऱ्या बाईला तिच्या कुत्र्याला पट्टा लावायला सांगितलं. त्या भागात पट्टा सक्तीचा आहे. तिने ऐकलं नाही, तेव्हा त्याने मोबाइलवर चित्रण सुरू केलं. ती म्हणाली, मी पोलिसांना फोन करते आणि सांगते की एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस माझ्या जिवावर उठलाय. तिने खरंच फोन केला, आणि बोलता बोलता तिचा आवाज घाबराघुबरा होत गेला. चित्रफितीत तो माणूस लांब उभा आहे आणि शांत आवाजात बोलतो आहे.

त्याच संध्याकाळी मिनियापोलिस शहरात पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला आणि फ्लॉइड मेले. तिथेही सुरुवात एका दुकानातून गेलेल्या फोनने झाली होती, वीस डॉलरची नोट खोटी असल्याच्या संशयावरून. दोन्ही चित्रफिती जगाने एकाच आठवड्यात पाहिल्या. काळ्या माणसावर पोलीस बोलावणं म्हणजे काय होऊ शकतं, याचा वेगळा पुरावा देण्याची गरज उरली नाही.

बागेतल्या बाईची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. खोटी तक्रार केल्याचा आरोप तिच्यावर ठेवला गेला, आणि समुपदेशनाची सत्रं पूर्ण केल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला. तिचं नाव कॅरेन नव्हतं. ओकलंडच्या बाईचंही नव्हतं, पाणी विकणाऱ्या मुलीची तक्रार करणारीचंही नव्हतं. कॅरेन नाव असलेल्या बायका अमेरिकेच्या नोंदींत जवळपास दहा लाख आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींनी कधी कोणावर पोलीस बोलावले नसतील. कॅफेत कपावर लिहायला नाव विचारलं की खोटं नाव सांगायची पाळी मात्र त्यांच्यावर आली. जुलै २०२० मध्ये डॉमिनोजने न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात 'चांगल्या कॅरेनना' फुकट पिझ्झा देऊ केला. लोक चिडले, तेव्हा न्यूझीलंडमध्ये ती योजना माफी मागून बंद करावी लागली. समजूत काढायला गेले आणि उलट जखमेवर बोट ठेवून आले.

जाता जाता: म्यानमारच्या डोंगराळ भागातल्या करेन लोकांची मोठी निर्वासित वस्ती मिनियापोलिसला लागून असलेल्या सेंट पॉल शहरात आहे. रोमन लिपीत त्यांच्या जमातीचं नाव आणि ही शिवी एकसारखीच दिसते.

शब्द घसरला तो इथे

मला मुख्य गोष्ट सांगायची आहे ती इथे. आपल्या भाषेत 'कांगावखोर' हा फार चांगला शब्द आहे. सेंट्रल पार्कमधल्या बाईला तो चपखल बसतो. पण कोणाला कांगावखोर म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कसला कांगावा केला? उत्तर द्यावं लागतं. कॅरेन म्हणताना असं काही सिद्ध करावं लागत नाही. समोर एक ठरावीक वयाची बाई असली आणि ती काही तरी मागत असली, की झालं.

कोरोनाच्या काळात याची गंमत बघायला मिळाली. दुकानात मास्क न घालता भांडणाऱ्या बाईला लोक कॅरेन म्हणाले. आणि 'मास्क घाला हो' असं इतरांना सांगणाऱ्या बाईलाही कॅरेनच म्हणाले. दोन बायका एकमेकींच्या नेमक्या उलट वागत होत्या. त्यांच्यात समान होतं ते वय, रंग आणि बाई असणं. म्हणजे नावात जे भरलेलं होतं तेवढंच शिल्लक राहिलं, आणि जे नव्हतं ते वाहून गेलं.

डिसेंबर २०२१ मध्ये तर शब्द पुरता उलटा झाला. 'टाइम' मासिकाने इलॉन मस्क यांना त्या वर्षाची व्यक्ती म्हणून निवडलं. त्यावर मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी लिहिलं की करपद्धती अशी बदला की वर्षाच्या या व्यक्तीला खरोखर कर भरावा लागेल. मस्क यांनी उत्तर दिलं: माझ्यावर मॅनेजर बोलावू नका, 'सिनेटर कॅरेन'. आता बघा. ज्या शब्दाचा जन्म बलवानाबद्दल दुबळ्याने कुजबुजण्यासाठी झाला, तो जगातल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एकाने, कर भरा म्हणणाऱ्या लोकप्रतिनिधीला गप्प करायला वापरला. वॉरन यांचं म्हणणं पटो न पटो, सिनेटरने करांबद्दल बोलणं हे तिचं कामच आहे. पण सत्तरीतली गोरी बाई ठामपणे काही मागतेय, एवढं पुरेसं ठरलं.

याआधीच, एप्रिल २०२० मध्ये, ब्रिटिश स्त्रीवादी लेखिका जूली बिंडेल यांनी ट्विटरवर विचारलं होतं की ही शिवी बायकांचा द्वेष करणारी आणि वर्गाच्या पूर्वग्रहातून आलेली आहे असं आणखी कोणाला वाटतं का. उत्तरांचा भडिमार झाला. बऱ्याच जणांचं, विशेषतः काळ्या स्त्रियांचं म्हणणं असं की गोऱ्या बाईने स्वतःला बिचारी म्हणवून घेणं हेच तर कॅरेनपण आहे. या युक्तिवादात दम आहे. शब्दावर आक्षेप घेण्याच्या निमित्ताने त्यामागचा इतिहास झटकून टाकणं फार सोपं आहे, आणि अनेकांनी ते केलंही. पण याच युक्तिवादाची दुसरी बाजू अशी की त्यातून सुटका नाही. तुम्ही तक्रार केली की तुम्ही कॅरेन, आणि कॅरेन म्हटल्याची तक्रार केली की दुप्पट कॅरेन. ज्या आरोपाला कोणतंच उत्तर चालत नाही, तो मला कायम संशयास्पद वाटतो.

२०२५ साली ब्रिटनमधल्या एका रोजगार न्यायाधिकरणासमोर हे प्रकरण निराळ्या वळणाने आलं. एका वयस्क काळ्या महिलेने आपल्या जुन्या नोकरीतल्या वागणुकीबद्दल दावा केला होता. तिच्या बाजूने मांडणी करणाऱ्या व्यक्तीने व्यवस्थापक बायकांना कॅरेन म्हटलं. न्यायाधीशांनी निकालात नोंदवलं की हा शब्द तुच्छतादर्शक आहे, आणि वंश, लिंग व वय या तिन्ही बाबतींत भेदभावाच्या सीमारेषेवर आहे. नावात भरलेल्या त्याच तीन गोष्टी कायद्याच्या भाषेत समोर आल्या.

पर्नेल, किटी, बिड्डी आणि आपली भागूबाई

बाईचं नाव शिवी म्हणून वापरायची कल्पना इंटरनेटची नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये पेट्रोनिला हे एका संत स्त्रीचं नाव मुलींना ठेवत. बोलताना त्याचं पर्नेल व्हायचं. पुढे पर्नेल म्हणजे पाद्र्याची ठेवलेली बाई, असा अर्थ चिकटला आणि नाव हळूहळू मागे पडलं. आडनाव म्हणून मात्र ते टिकलं. आयर्लंडच्या स्वराज्यासाठी लढणारे नेते चार्ल्स पार्नेल यांचं आडनाव तेच. आणि योगायोग असा की पार्नेल यांचं राजकारण १८९० साली कोसळलं ते कॅथरीन ओशे या विवाहित स्त्रीशी असलेल्या संबंधांमुळे. तिची जवळची माणसं तिला केटी म्हणत. विरोधकांनी मुद्दाम 'किटी ओशे' केलं, कारण किटी हा कॅथरीनचा लाडका अपभ्रंश त्या काळी बदचालीच्या बाईसाठीही वापरला जात असे. कॅरेनही कॅथरीनचीच लेक. एका नावाला दोन शतकांत दोनदा हाच भोग आला.

त्याच सुमारास अमेरिकेत, न्यूयॉर्क-बॉस्टनच्या घरांत, आयर्लंडहून आलेल्या हजारो मुली मोलकरणी म्हणून राबत होत्या. त्यांच्यात ब्रिजेट नाव इतकं होतं की सगळ्याच मोलकरणी 'ब्रिजेट' किंवा 'बिड्डी' झाल्या. खरं नाव विचारायची तसदी कोणी घेत नसे. चिडक्या म्हातारीला इंग्रजीत अजून 'ओल्ड बिड्डी' म्हणतात. मुंबईच्या जुन्या श्रीमंत घरांत कोकणातून आलेला प्रत्येक गडी 'रामा' असायचा, तसाच हा प्रकार. तो गणपत असो की तुकाराम, हाक एकच.

आजच्या स्पेनमध्ये कॅरेनची एक बहीण आहे, चारो. रोसारियो या नावाचं हे लाडाचं रूप. गोव्यात आपल्याला रोझारियो आडनाव म्हणून माहीत आहे तेच. तिथल्या इंटरनेटवर चारो म्हणजे मध्यमवयीन, सरकारी नोकरीतली, डाव्या विचारांची, स्त्रीवादी बाई. रागाचं कारण कॅरेनच्या उलट, कॅरेन जास्त हक्क गाजवते म्हणून आणि चारो समतेबद्दल बोलते म्हणून. वय मात्र दोघींचं सारखंच. जर्मनीत शांताल आणि ब्रिटनमध्ये शॅरन व ट्रेसी या नावांची टिंगल होते ती कष्टकरी वर्गातल्या म्हणून.

मराठीतही हे खातं रिकामं नाही. त्राटिका, शूर्पणखा, कैकेयी, मंथरा या पुराणातून आलेल्या, त्यांना निदान आपापली कथा आहे. भागूबाईला कथाच नाही. भागू हे महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत चालणारं अगदी साधं नाव. ती भित्री कधी आणि कोणाला घाबरून झाली? पण 'भित्री भागूबाई' आपण लहानपणापासून ऐकतो, आणि खरी मेख अशी की हे मुलींपेक्षा मुलांनाच जास्त म्हटलं जातं. घाबरणाऱ्या पोराला बाईचं नाव दिलं की त्याचा पुरेसा अपमान होतो. स्पेनमध्ये समलिंगी पुरुषांना दिली जाणारी एक घाणेरडी शिवी मारिया या नावापासून तयार झाली, इंग्रजीत 'नॅन्सी' असंच वापरत. तिथे अपमानाचा मालमसाला म्हणजे ते नाव बाईचं असणं, एवढाच.

पुरुष कॅरेन कोण?

हा प्रश्न २०२० मध्ये पुष्कळांनी विचारला. केन, केव्हिन, ग्रेग, टेरी अशी नावं सुचवली गेली. सेंट लुइसमध्ये घरासमोरून जाणाऱ्या निदर्शकांवर एका वकील दांपत्याने बंदुका रोखल्या, तेव्हा त्यांना 'केन आणि कॅरेन' म्हटलं गेलं. त्यांतली कॅरेन राहिली, केन विरला. काउंटरवर आरडाओरडा करणारे पुरुष काही कमी नसतात, पण तो नुसता 'चिडलेला गिऱ्हाईक' असतो. त्याचं ओरडणं अपेक्षितच धरलेलं असतं, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा शब्द लागत नाही. बाईने आवाज चढवला की मात्र ती एक जात, एक नमुना होते. नमुन्याला नाव लागतं.

ज्या कृत्यामुळे हे सगळं सुरू झालं, त्याला नावाशिवायही हात घालता येतो. जून २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला: वंश, लिंग, धर्म अशा कारणांवरून कोणावर विनाकारण पोलीस बोलावले तर तो नागरी हक्कांचा भंग, आणि पीडिताला दावा ठोकता येईल. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने जवळपास तसाच नियम एकमताने मंजूर केला, पण त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं अशी जुळवली की उच्चार झाला 'कॅरेन कायदा'. बातम्यांत हा दुसराच जास्त गाजला. कॅरेन नावाच्या बायकांनी त्यावर नाराजी कळवली, ती साहजिकच. कायद्याच्या कलमांत तर तक्रार करणारा पुरुष की बाई याचा काही फरक पडत नाही. पुरुषही असे फोन करतात.

हा शब्द पुण्या-ठाण्यात

आपल्याकडे गोऱ्या-काळ्याचा तो इतिहास नाही, त्यामुळे शब्द आला तो केस, मॅनेजर आणि चिडकी बाई एवढंच घेऊन. रात्री साडेअकराला डीजे बंद करा म्हणणारी शेजारीण 'कॅरेन काकू'. दुकानदाराने छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त घेतले म्हणून हुज्जत घालणारी 'कॅरेन'. यांतल्या दोघींचंही म्हणणं नियमाला धरून आहे. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजवता येत नाही आणि छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. मूळ अर्थाने त्या कॅरेन नाहीतच.

मूळ अर्थाला जे जुळतं तेही आपल्याकडे भरपूर आहे, फक्त तिथे हा शब्द कोणी वापरत नाही. घरकामाच्या बाईची पिशवी गेटवर तपासायला लावणं, डिलिव्हरीवाल्या पोराने मुख्य लिफ्ट वापरली म्हणून वॉचमनला झापणं, वेगळ्या आडनावाच्या भाडेकरूबद्दल पोलीस ठाण्यात कळवणं. हाताशी ताकद आहे आणि समोरच्याकडे नाही, हे ठाऊक असल्यामुळेच ती वापरली जाते. याला एखादी बाई जबाबदार असेल तर तिची थट्टा व्हायची शक्यता तरी आहे. पण लिफ्टजवळची 'कामगारांनी ही लिफ्ट वापरू नये' ही पाटी लागते ती कमिटीच्या ठरावाने आणि सेक्रेटरीच्या सहीने. सेक्रेटरी बहुतेक सोसायट्यांत पुरुष असतो, आणि त्याला कोणी काही नाव ठेवलेलं मी अजून ऐकलेलं नाही.